विमानांचे शिल्पकार : डॉ. विष्णू माधव घाटगे

सुगी आटोपत आली की मांजरेच्या आणि गोदावरीच्या खोऱ्यातील गावांत खळ्यावर उफणणी चालत असे. शेतकरी उंचावर उभा राहून सूप तिरपे धरी. दाणा सरळ खाली पडे आणि भूस वाऱ्याबरोबर दूर जाई. वारा पडला की काम थांबे; वारा अवखळ झाला की दाणाही उडून जाई. वाऱ्याचा जोर केवढा, त्याची दिशा कोणती आणि सूप किती तिरपे धरावे, हे सारे तो शेतकरी अनुभवाने जाणत असे. डोळ्यांना न दिसणारा वारा हाताशी धरून काम करून घ्यावयाचे, ही विद्या आपल्या लोकांना नवी नाही. परंतु अनुभवाने जाणणे वेगळे आणि गणिताने जाणणे वेगळे. वाऱ्याचे हे गणित ज्यांनी आत्मसात केले आणि त्या बळावर स्वतंत्र भारताला स्वतःच्या रचनेची विमाने दिली, त्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांचे हे चरित्र आहे.

विष्णू माधव घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू या लहानशा गावी झाला. त्या वेळी मानवाला विमानविद्या अवगत होऊन पुरी पाच वर्षेही झाली नव्हती. अमेरिकेतील राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण केले, ते अवघे १२ सेकंदांचे होते. विष्णू दोन वर्षांचा असताना, १९११ च्या फेब्रुवारीत, अलाहाबादेहून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत विमानाने टपाल नेण्यात आले आणि तो प्रसंग जगभर गाजला. बैलगाडीच्या वाटेवर राहणाऱ्या खेड्यातील मुलाने पुढे विमाने घडवावीत, असे त्या काळी कोणाच्या स्वप्नीही आले नसते. तथापि विद्येला गावाची वेस आडवी येत नाही. उच्च शिक्षण संपादन करून हा तरुण जर्मनीतील ग्योटिंगेन या विद्यानगरीत जाऊन पोहोचला.

ग्योटिंगेन येथे त्या काळी लुडविग प्रांट्ल नावाचे थोर शास्त्रज्ञ अध्यापन करीत होते. वाहत्या हवेच्या शास्त्रात त्यांचा अधिकार सर्वमान्य होता. १९०४ साली त्यांनी एक मूलगामी कल्पना मांडली होती. ती समजण्यास नदीकाठी जाऊन पाहावे. मध्यप्रवाहातील पाणी वेगाने धावत असते. परंतु काठाला लागून असलेले पाणी जणू काठाला चिकटून संथ झालेले दिसते. वाहत्या हवेचेही असेच असते. पंखाला अगदी लागून असलेला हवेचा अतिशय पातळ थर मंदावतो आणि तो थर पंखाला धरून राहतो की पंखापासून सुटतो, यावर विमान तरणार की कोसळणार हे ठरते. एवढा पातळ असलेला हा थर टनावारी वजनाच्या यंत्राचे भवितव्य ठरवतो! प्रांट्ल यांच्या या शोधामुळे विमानरचनेला अदमासाऐवजी गणिताचा आधार मिळाला. जगातील अनेक नामवंत विमानशास्त्रज्ञ त्यांचे शिष्य होते. अशा गुरूच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून घाटगे यांनी १९३६ साली डॉक्टरेट ही पदवी मिळवली.

पदवी मिळाली; पण तिचा उपयोग कोठे करावयाचा? भारत त्या वेळी परतंत्र होता. देशात विमानाचा एकही कारखाना नव्हता. येथे येणारे प्रत्येक विमान परदेशात घडे, आणि ते कसे असावे हेही परदेशातच ठरे. पोहणे शिकून आलेल्या माणसाने कोरड्या नदीच्या काठी उभे राहावे, तशी डॉ. घाटगे यांची स्थिती झाली असेल. परंतु ते मायदेशी परतले आणि अध्यापनाचे काम करू लागले.

लवकरच योग जुळून आला. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी आगबोटींच्या व्यवसायात ब्रिटिश कंपन्यांशी टक्कर देऊन नाव मिळवले होते. देशात विमाने तयार व्हावीत, हा त्यांचा ध्यास होता. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि त्यांच्या प्रयत्नांना वेग आला. म्हैसूर संस्थानाने जमीन व भांडवल देऊ केले, अमेरिकी उद्योजक विल्यम पॉली यांचे तांत्रिक साहाय्य लाभले आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कंपनीची स्थापना झाली. या कारखान्यात अगदी आरंभी जे अभियंते रुजू झाले, त्यांत डॉ. घाटगे होते. सोलापूरच्या उद्योजकाने उभारलेला कारखाना आणि कोल्हापूरकडच्या खेड्यातून आलेला शास्त्रज्ञ यांची गाठ कन्नड मुलखात पडली आणि त्यातून भारतीय विमानरचनेचा आरंभ झाला.

कारखान्यात प्रारंभी परदेशी रचनेची विमाने जोडण्याचे काम चाले. तरीही डॉ. घाटगे यांनी १९४१ साली एक स्वतंत्र रचना सिद्ध केली. ते होते दहा माणसे बसू शकतील असे लाकडी ग्लायडर. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. दुसऱ्या विमानाने त्यास ओढून उंच न्यावयाचे, मग दोर सोडून द्यावयाचा आणि केवळ पंखांच्या आधारे त्याने तरंगत खाली यावयाचे. सैनिकांना शत्रूच्या मुलखात उतरवण्यासाठी युद्धात अशा ग्लायडरांचा उपयोग होत असे. या ग्लायडरचा एकच नमुना तयार झाला. १९४२ मध्ये सरकारने कारखाना आपल्या ताब्यात घेतला. पुढे तेथे अमेरिकी सैन्याच्या विमानांची दुरुस्ती मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. नवी रचना करण्याचे काम मागे पडले. परंतु त्या एका लाकडी ग्लायडरने एवढे सिद्ध केले की भारतीय अभियंत्याने कागदावर रेखाटलेले पंख हवेत तरू शकतात.

या प्रतिकूल काळात डॉ. घाटगे स्वस्थ बसले नाहीत. एकट्याच्या विद्येने देशाचा विमानधंदा उभा राहणार नाही, त्यासाठी अभियंत्यांची पिढी तयार व्हावी लागेल, हे त्यांनी ओळखले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ साली वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्रमुख डॉ. घाटगे हेच होते. कारखान्यात विमानांची दुरुस्ती चालू होती आणि त्याच शहरात, विमान उडते का व कसे, याचे शास्त्र तरुण विद्यार्थी शिकत होते. शेतकरी पेरणीच्या आधी बियाणे राखून ठेवतो, तसेच हे कार्य होते.

महायुद्ध संपले, देश स्वतंत्र झाला. आता कारखाना आपला होता. पण काम काय करावयाचे हा प्रश्न होता. आगगाडीचे डबे बांधण्याचे काम तेथे सुरू झाले. अमेरिकी सैन्याने कानपूर येथे टाकून दिलेली लिबरेटर जातीची प्रचंड बाँबफेकी विमाने मोडक्यातोडक्या अवस्थेत पडली होती. ती कशीबशी उडण्याजोगी करून कॅप्टन जमशेद मुन्शी या धाडसी वैमानिकाने बंगळूरला आणली आणि कारखान्याने त्यांना नवे आयुष्य देऊन हवाई दलाच्या स्वाधीन केले. हे काम अद्भुत होते यात शंका नाही. तरीपण दुसऱ्याचे विमान दुरुस्त करणे आणि स्वतःचे विमान निर्माण करणे यांत, दुसऱ्याच्या अक्षरावरून गिरवणे आणि स्वतःच्या मनातले लिहिणे, एवढे अंतर आहे. ते अंतर ओलांडण्याची वेळ आता आली होती.

१९४८ साली भारतीय रचनेच्या विमानाचे काम हाती घेण्यात आले. कोणते विमान आधी बांधावे? लोकांचे डोळे दिपवील असे लढाऊ विमान बांधण्याचा मोह कोणासही पडला असता. परंतु निवड झाली ती शिकाऊ वैमानिकांसाठी लागणाऱ्या साध्या, दोन आसनांच्या विमानाची. या निवडीत मोठे शहाणपण होते. मूल प्रथम पाटीवर अक्षरे गिरवते, मग वही हाती घेते. वैमानिकही प्रथम शिकाऊ विमानावर हात बसवतो. ज्या देशाचे वैमानिक पहिला धडाच परक्या विमानावर घेतात, त्या देशाची हवाई विद्या मुळापासूनच परावलंबी राहते. शिवाय विमान बांधणारेही नवशिकेच होते. त्यांनीही सोप्यापासून कठीणाकडे जाणेच युक्त होते.

सोपे असे म्हटले खरे, परंतु शिकाऊ विमानाची रचना हे काम वाटते तितके सोपे नसते. नवखा वैमानिक चुका करणारच. तो नाक फार वर उचलील, वेग कमी होऊ देईल; मग पंखावरचा तो पातळ थर सुटेल आणि विमान एका अंगावर कलंडून भोवऱ्यासारखे गरगरत खाली येऊ लागेल. शिकाऊ विमानाने या चुका पोटात घातल्या पाहिजेत आणि वैमानिकाने योग्य हालचाल करताच गिरकीतून बाहेर आले पाहिजे. पण ते अगदी निर्धास्तही असता उपयोगी नाही. ज्या विमानात चूक केली तरी काहीच होत नाही, त्यावर शिकलेला वैमानिक पुढे लढाऊ विमानात प्राण गमावून बसेल. चुकल्यास जाणीव करून देणारे, परंतु चुकणाऱ्याचा घात न करणारे असे विमान हवे. चांगल्या शिक्षकाचे लक्षणही याहून निराळे नाही.

डॉ. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली अभियंत्यांचा चमू कामास लागला. हवाई दलात तोवर टायगर मॉथ हे दोन मजली पंखांचे, कापडाने मढवलेले इंग्रजी विमान शिक्षणासाठी वापरले जाई. नवे विमान संपूर्ण धातूचे, एकाच पंखजोडीचे करावयाचे ठरले. त्याचे पंख धडाच्या खालच्या बाजूस जोडलेले होते. विद्यार्थी व शिक्षक एकामागे एक बसत आणि दोघांच्याही हाती विमान चालवण्याची साधने असत. या कामात गणिताचा डोंगर उपसावा लागे. वजनात थोडी वाढ झाली तर पंखांवरील भार बदले. भार बदलला की पंखांच्या आतील तुळया बदलाव्या लागत. तुळया जाड केल्या की वजन पुन्हा वाढे. एक धागा ओढला की सारे वस्त्र आवळावे, तसा हा प्रकार होता. आजच्यासारखी संगणकयंत्रे त्या वेळी हाताशी नव्हती. कागद, पेन्सिल, सरकपट्टी आणि चिकाटी एवढ्याच साधनांवर आराखडे तयार झाले.

१९५१ चा ऑगस्ट महिना उजाडला. नवे विमान बंगळूरच्या धावपट्टीवर उभे राहिले. त्याचे नाव एचटी-२ असे होते. वैमानिकाच्या आसनावर लिबरेटर विमाने आणणारे तेच कॅप्टन मुन्शी बसले. कोणत्याही विमानाचे पहिले उड्डाण ही रचनाकाराची खडतर परीक्षा असते. कागदावरील चूक खोडता येते. आकाशातील चूक खोडता येत नाही, आणि तिची किंमत रचनाकाराला नव्हे, तर वैमानिकाला द्यावी लागते. विमानाने धाव घेतली, जमीन सोडली आणि ते सुखरूप परत आले. स्वतंत्र भारतात रचना झालेल्या आणि भारतातच बांधल्या गेलेल्या या पहिल्या विमानाने देशाच्या इतिहासात एक नवे पान उघडले.

एचटी-२ विमाने पुढे दीडशेहून अधिक संख्येने तयार झाली. भारतीय हवाई दलाच्या वैमानिकांच्या अनेक तुकड्यांनी आपला पहिला धडा याच विमानावर गिरवला. १९५७ साली स्वतंत्र झालेल्या आफ्रिकेतील घाना या देशाने १९५९ मध्ये आपले हवाई दल उभारले, तेव्हा त्याच्या वैमानिकांच्या शिक्षणासाठी एचटी-२ विमानेच निवडली गेली. ज्या भारतास बारा वर्षांपूर्वी स्वतःचे एकही विमान नव्हते, तो आता दुसऱ्या नवस्वतंत्र राष्ट्राला उडण्याचे साधन पुरवीत होता.

या यशाने हुरूप वाढला. १९५८ साली पुष्पक हे हलके विमान आकाशात झेपावले. देशातील वैमानिक मंडळांमध्ये हौशी तरुणांना उड्डाण शिकवण्यासाठी त्याचा उपयोग झाला. रामकथेतील विमानाचे नाव धारण करणारे हे यंत्र मात्र कल्पनेच्या नव्हे, तर मोजमापाच्या बळावर उडत होते. पाठोपाठ १९५९ मध्ये कृषक हे त्याहून मोठे विमान सिद्ध झाले. त्याचे नाव शेतकऱ्याचे असले, तरी ते कामास आले सैन्याच्या. संथ गतीने व कमी उंचीवरून उडत शत्रूच्या ठाण्यांची टेहळणी करावयाची आणि आपल्या तोफखान्यास दिशा दाखवावयाची, हे काम कृषक विमाने करीत.

आता कारखान्याने मोठी झेप घेण्याचे ठरवले. जेट इंजिनाचे वेगवान लढाऊ विमान तयार करण्यासाठी १९५६ मध्ये कुर्ट टँक या विख्यात जर्मन रचनाकारास बंगळूरला पाचारण करण्यात आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय अभियंत्यांनी मरुत हे विमान निर्माण केले आणि १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी ते प्रथम उडवले. एवढ्या अवघड कामास हात घालता आला, याचे कारण आधीच्या साध्या विमानांनी तेथे आराखडे काढणारे, पत्रे घडवणारे आणि चाचण्या घेणारे हात तयार केले होते. मरुतचे रूप आणि रचना उत्तम होती. परंतु तिला साजेसे बलवान इंजिन अखेरपर्यंत मिळाले नाही आणि अपेक्षित वेग त्यास कधीच गाठता आला नाही. तरीही १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या वाळवंटात या विमानाने चांगली कामगिरी बजावली.

डॉ. घाटगे यांची दृष्टी मात्र शिकाऊ वैमानिकांवरून ढळली नव्हती. जेट विमानांचे युग आले, तेव्हा शिकाऊ विमानही जेट इंजिनाचे असणे अगत्याचे झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली किरण या विमानाची रचना झाली आणि ४ सप्टेंबर १९६४ रोजी त्याने पहिले उड्डाण केले. एचटी-२ मध्ये विद्यार्थी व शिक्षक एकामागे एक बसत. किरणमध्ये ते शेजारी शेजारी बसू लागले. किरण विमानांनी कित्येक दशके हवाई दलाची सेवा केली. १९९६ साली स्थापन झालेल्या सूर्यकिरण या कसरतपथकाने २०११ पर्यंत याच जातीच्या विमानांवर आपली कौशल्ये दाखवली. आकाशात पंखाला पंख भिडवून उडणारी ती विमाने पाहून टाळ्या वाजवणाऱ्या हजारो लोकांपैकी फारच थोड्यांना त्यांच्या रचनाकाराचे नाव ठाऊक असेल.

या चरित्रातील एक उणी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती लपवून ठेवणे डॉ. घाटगे यांच्यासारख्या शास्त्रनिष्ठ माणसाच्या चरित्रास शोभणार नाही. वर सांगितलेल्या विमानांचे धड आपले होते, पंख आपले होते. परंतु त्यांचे इंजिन परदेशी रचनेचे होते. मरुतच्या वाट्याला जे आले, त्याचे कारण हेच. पुढे २००१ साली उडालेल्या तेजस या लढाऊ विमानासही परदेशी इंजिनच बसवावे लागले. डॉ. घाटगे यांनी आरंभिलेले कार्य त्यांच्या हातून जेथवर गेले, तेथून ते पुढे नेण्याचे ऋण पुढील पिढ्यांवर आहे.

भारत सरकारने १९६५ मध्ये पद्मश्री देऊन डॉ. घाटगे यांचा गौरव केला. ६ डिसेंबर १९९१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. रणांगणावरील पराक्रमाच्या कथा सर्वांच्या मुखी असतात. वैमानिकांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात. परंतु वैमानिकाचा भार पेलणारा पंख ज्याने आखला, तो मनुष्य आराखड्याच्या मेजाशी मान खाली घालून बसलेला असतो. डॉ. घाटगे यांनी आपल्या आयुष्याचा उत्तम भाग अशा कामास दिला. त्यांतही नवख्या मुलांनी निर्धोकपणे उड्डाण शिकावे, ही चिंता त्यांनी प्रथम वाहिली. थोर शास्त्रज्ञाच्या अंगी वसलेला हा शिक्षक होता.

विद्यार्थी मित्रहो, नांदेड-लातूरच्या आकाशातून विमान जाऊ लागले की तुम्ही मान वर करून ते दिसेनासे होईपर्यंत पाहता. पुढच्या वेळी पाहताना एवढे अवश्य स्मरा की एका खेड्यातील मुलानेही कधीकाळी असेच आकाशाकडे पाहिले असेल. त्याने नुसते पाहण्यावर समाधान मानले नाही. पाहिलेल्या गोष्टीचे कारण शोधले, त्याचे गणित मांडले आणि ते गणित देशाच्या कामी लावले. गावच्या खळ्यावर वाहणारा वारा आणि विमानाला उचलून धरणारा वारा एकच आहे. त्याचे शास्त्र समजून घेण्याची जिद्द मात्र हवी.

स्वाध्याय

१. प्रांट्ल यांची कल्पना लेखकाने कोणत्या उदाहरणाने समजावून दिली आहे?
२. पहिले विमान शिकाऊ वैमानिकांसाठी बांधण्यात कोणते शहाणपण होते?
३. शिकाऊ विमान आणि चांगला शिक्षक यांत लेखकास कोणते साम्य दिसते?
४. मरुत विमानाच्या गुणदोषांविषयी पाच-सहा ओळी लिहा.
५. तुमच्या गावातील एखादा कारागीर वारा, पाणी किंवा अग्नी यांचा उपयोग कसा करून घेतो, ते निरीक्षण करून लिहा.